आबांचा संग्रह आणि शुक्रवार पेठेतला वाडा

प्रश्न: सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. वडील, म्हणजे आमचे आबा, हायस्कुलात इतिहास शिकवायचे. पगारातून जमेल तसं त्यांनी आयुष्यभर जमवलं: शिवराई नाणी, पितळी आणि दगडी लहान मूर्ती, चांदीचे टाक, सचित्र पोथ्या, चित्रकार आबालाल रहिमानांचं म्हणून जपलेलं एक निसर्गचित्र. दोन वर्षांपूर्वी आबा गेले. आता वाड्यात आई एकटी असते. मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. आईचा साज, ठुशी, पाटल्या घरातल्या लोखंडी कपाटातच आहेत. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरी झाली, तेव्हापासून आईला धड झोप नाही. पडवीत छोटं संग्रहालय करून शाळेच्या पोरांना दाखवावं, ही आबांची इच्छा होती. मित्र म्हणतात, आठ कॅमेरे लाव आणि निश्चिंत हो. मामा म्हणतात, सगळं विकून मोकळा हो. काय करू?
— एक वाचक, मूळ कोल्हापूर, सध्या पुणे

उत्तर: तुमच्या पत्रातली मला सर्वात टोचलेली गोष्ट म्हणजे आईंचं जागरण, म्हणून सुरुवात तिथूनच करते. येत्या फेरीत सोनं वाड्याबाहेर काढा आणि ते बाहेर गेलंय हे गल्लीत कळू द्या. दारात उभं राहून शेजारणीशी बोलताना आईंनी सहज ‘सगळं बँकेत नेऊन ठेवलं बाई एकदाचं’ म्हटलं, तरी ते जिथे पोचायचं तिथे पोचतं. झोपायच्या खोलीला आतून भक्कम कडी बसवा. रात्री खुडबुड ऐकू आली तर बघायला उठायचं नाही, दिवा लावायचा, कडी लावायची आणि 112 फिरवायचा, हे त्यांच्याशी दोन-तीनदा बोलून ठेवा. समोरच्या घरात एक घंटा आणि तिचं बटण आईंच्या उशाशी, एवढी सोय कुठलाही वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो. मूर्ती गेली तर दुःख होईल, पण तिच्यासाठी आईंनी अंधारात जिन्यापाशी जायचं नाही.

आता कॅमेऱ्याचं. लावा, पण आठ नकोत आणि सर्वात आधी तर नकोतच. तुमच्या पत्रात आबांनी काय काय जमवलं ते आहे, पण किती नाणी, किती मूर्ती, हे एकाही ठिकाणी नाही. मला वाटतं, ते तुम्हालाही माहीत नसावं. मोठ्या संग्राहकांच्या मागे बहुतेक घरांत हेच होतं; सगळी यादी त्यांच्या डोक्यात असते आणि ती त्यांच्याबरोबर जाते. उद्या त्यातली पाच नाणी आणि एक मूर्ती गेली, तर गेल्याचं कळायलाच वर्ष लागेल. कळलं तरी पोलिसांना काय सांगाल? ‘पितळी मूर्ती, अंदाजे वीतभर’ एवढ्या वर्णनाच्या मूर्ती कोल्हापुरात हजारभर देव्हाऱ्यांत सापडतील.

1961 साली नालंदाच्या पुरातत्त्व संग्रहालयातून 14 धातुमूर्ती चोरीला गेल्या. त्यातली बाराव्या शतकातली एक बुद्धमूर्ती 2018 मध्ये युरोपातल्या एका कलाबाजारात विक्रीला आलेली जाणकारांच्या नजरेला पडली आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला लंडनमध्ये ती भारताच्या हवाली झाली. मधे सत्तावन्न वर्षं गेली होती, मालक बदलत गेले होते. ती ओळखता आली, कारण चोरीआधीचे तिचे फोटो पुरातत्त्व खात्याच्या दप्तरात होते. मेणाचा साचा वितळवून ओतलेली मूर्ती प्रत्येक वेळी वेगळी उतरते, त्यामुळे जुना फोटो आणि समोरची मूर्ती ताडून पाहता आली. फोटो नसते तर ती कायमची परक्याच्या दिवाणखान्यात राहिली असती.

याच्या उलट शांतिनिकेतनचं. 25 मार्च 2004 ला रवींद्रनाथांचं नोबेल पदक तिथल्या रवींद्र भवनातून गेलं. इतकी प्रसिद्ध वस्तू, सीबीआयचा तपास, तरी पदक मिळालं नाही. नोबेल प्रतिष्ठानने नंतर त्याच्या प्रतिकृती दिल्या. ते पदक सोन्याचं होतं. त्याचं पुढे काय झालं हे मी सांगू शकत नाही, पण सोन्याची सगळ्यात मोठी भीती हीच असते की ते मुशीत गेलं की ओळख संपली.

तुमच्या घरातल्या वस्तूंचे दोन गट इथेच पडतात. साज, ठुशी, पाटल्या, चांदीचे टाक: हे वितळवून विकता येतं, म्हणून चोरीनंतर त्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं. ते घरातच ठेवायचं नाही. नाणी, मूर्ती, पोथ्या, चित्र: यांची किंमत त्यांच्या रूपातच आहे, त्यामुळे चोराला ती आहेत तशीच कुणाला तरी विकावी लागतात, आणि विकताना ती दिसतात. त्यांचा खरा पहारेकरी तुमची नोंद आहे.

नोंद करायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. एक जाड वही, एक फूटपट्टी, स्वयंपाकघरातला किंवा सराफाचा वजनकाटा आणि तुमचा फोन. जगभरची संग्रहालयं आणि पोलीस यांच्यासाठी 1997 मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा एक साधा नमुना तयार झाला. त्यात विचारलेलं सगळं घरच्या घरी लिहिता येतं: वस्तू काय, कशाची, मापं, वजन, कोरलेली अक्षरं, विषय, काळ, कुणी केली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोड. मूर्तीचा नाकाचा शेंडा घासलाय, पाठीवर जुना डाख देऊन सांधलेलं आहे, पोथीच्या तिसऱ्या पानाला वाळवीचं छिद्र आहे, शिवराईवरच्या ‘छत्रपति’मधलं ‘छत्र’ अर्धं नाण्याबाहेर गेलंय. आपण एरवी फोटोत वस्तूची चांगली बाजू दाखवतो. इथे तिच्या जखमा नीट टिपायच्या, कारण तेवढंच तिचं एकटीचं असतं. समोरून, मागून, खालून, बाजूला फूटपट्टी ठेवून फोटो काढा. चित्राची मागची बाजू विसरू नका. चौकटीमागे चिकटवलेली चिठ्ठी, जुन्या फ्रेमवाल्याचा शिक्का, खिळ्यांच्या जागा, हे सगळं पुढे फार बोलतं. साजाचंही तसंच करा: चंद्र, कासव, मासोळी, बेलपान, शंख, एकेका पानाचा जवळून फोटो. जुन्या दागिन्यांवर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक नसणार, तो अलीकडचा. त्यामुळे फोटो आणि सराफाच्या सही-शिक्क्याचं वजनपत्र हाच तुमचा पुरावा.

वहीच्या दोन झेरॉक्स काढा. एक पुण्यात तुमच्याकडे, एक लॉकरमध्ये. फोटो एखाद्या पेनड्राइव्हवर. आणि कृपा करून हे फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आबांचा खजिना’ म्हणून टाकू नका. तिथून ते कुठवर जातात याचा पत्ता लागत नाही.

ही वही करताना कायद्याचं एक काम उरकून घ्या. पुरावशेष आणि कलानिधी कायदा 1972 चा, लागू झाला 5 एप्रिल 1976 पासून. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती (दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत), चित्रं आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या सचित्र पोथ्या खाजगी मालकीच्या असल्या तरी त्यांची पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद व्हावी लागते. आबा शिक्षक होते, त्यांनी ती केलेली असण्याची शक्यता आहे. त्यांच्या कागदांत फोटो लावलेली प्रमाणपत्रं शोधा. सापडली तर आता मालकी वारसांकडे आली आहे हे कळवावं लागेल. नसतील तर अर्ज करा. मामांनाही हे वाचून दाखवा, कारण पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घाईघाईने कुणा दलालाला बोलावून, कागद न बघता, रोखीत ‘मोकळं’ होण्याचा मार्ग तुम्हालाच अडकवेल.

यानंतर येतो माणसांचा प्रश्न, आणि तो नाजूक आहे. 1911 साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा उचलणारा इसम पूर्वी तिथेच कामाला होता. कुठला दरवाजा कुठे जातो हे त्याला पाठ होतं. घरातही बहुतेक वेळा माहिती आतून बाहेर जाते, पण ती दुष्टपणे जाते असं मुळीच नाही. रंगारी, फर्निचरवाला, आबांचा संग्रह पाहायला आलेले कौतुक करणारे पाहुणे, कॉलेजची पोरं. गौरी बसवताना आपण साज, ठुशी, पुतळ्या सगळं गौरीच्या अंगावर घालतो, हळदीकुंकवाला गल्ली येते, कुणीतरी फोटो स्टेटसला ठेवतं. कौतुकच असतं ते. म्हणून माझं सांगणं इतकंच की गौरीला एक ग्रॅमचे दागिने घाला, देवीला राग येत नाही. आणि आईंकडे कामाला येणाऱ्या मावशींवर कुणी संशयाने नजर ठेवू नका. वर्षानुवर्षं घर सांभाळणाऱ्या बाईला आपल्याच मालकिणीच्या घरात चोरासारखं वाटणं ही मोठी हानी आहे. संग्रहाच्या खोलीला वेगळं कुलूप लावा, किल्ली फक्त तुमच्याकडे आणि आईंकडे ठेवा, खोली कधी कुणी उघडली ते वहीत लिहा. मग काही झालंच तर कुणाकडे बोट दाखवायची वेळ येत नाही. मावशींनाही हे बरं वाटेल.

आणखी एक आईंना जरूर सांगा. ‘पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात ठेवा’ म्हणणारे तोतया पोलीस आणि ‘दागिन्यांना पॉलिश करून देतो’ म्हणणारे आपल्याकडे नेहमीचे. ही युक्ती जगभर चालते. 1990 च्या मार्चमध्ये अमेरिकेत बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात पोलिसांच्या वेशातल्या दोघांना रखवालदाराने स्वतः दार उघडलं आणि 13 कलाकृती गेल्या. अजून त्या मिळालेल्या नाहीत, रिकाम्या चौकटी भिंतीवर तशाच आहेत. दारात कोण आलंय म्हणून सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही. साखळी लावूनच बोलायचं, आणि शंका आली तर 112 ला विचारायचं.

आता वाड्याची इमारत. पेठेतल्या जुन्या वाड्यांचा पुढचा दरवाजा म्हणजे किल्ल्याचा, अडणा घातला की हत्तीने हलणार नाही. पण चोर पुढून येतच नाही. परसदार, न्हाणीघराची खिडकी, जिन्यावरचा झरोका आणि कौलं. चार कौलं सरकवली की माणूस माळ्यावर. 2018 च्या सप्टेंबरात हैदराबादच्या निजामांच्या संग्रहालयातून सोन्याचा, हिरे-माणकं जडवलेला डबा गेला तो झरोक्यातून. तिथले चोर थोड्याच दिवसांत सापडले, डबाही मिळाला. असं दैव प्रत्येकाचं नसतं. म्हणून या खेपेला दुपारी उन्हात वाड्याभोवती फिरा आणि प्रत्येक भोकाकडे ‘यातून बारीक माणूस येईल का’ या नजरेने पाहा. संग्रहाच्या खोलीवर कौलांखाली लोखंडी जाळी ठोकून घ्या. खिडक्यांचे गज हाताने हलवून बघा. जर्मनीत ड्रेस्डेनला 2019 मध्ये चोरांनी खिडकीचे गज काही दिवस आधीच कापून परत चिकटवून ठेवले होते, आणि चोरीच्या पहाटे जवळची वीजपेटी पेटवून रस्ता अंधारात घातला. वरवर पाहणाऱ्याला गज शाबूत दिसत होते.

दाराबाहेर लटकणारं मोठं कुलूप म्हणजे ‘घरी कुणी नाही’ अशी पाटी. आई पुण्याला तुमच्याकडे येतील तेव्हा दारात बसवलेलं आतलं कुलूप वापरा. कडी-कोयंडा पातळ फळीला छोट्या स्क्रूने बसवलेला असतो, म्हणून पहारीच्या एका हिसक्याने उखडतो. त्याला आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी द्या. लोखंडी कपाट ही तिजोरी नव्हे, त्याचं दार वाकवायला फार कष्ट पडत नाहीत, आणि त्याची किल्ली नेहमी गादीखाली किंवा कपाटावरच्या डब्यात असते हे चोरांनाही माहीत असतं.

हे सगळं करून घर अभेद्य होईल का? होणार नाही. 2025 च्या ऑक्टोबरात लूव्रमध्ये, भर सकाळी, संग्रहालय उघडं असताना, ट्रकवरच्या शिडीने चढून चोरांनी राजघराण्याचे दागिने नेले. सगळा खेळ आठ मिनिटांच्या आत. जिथे पैशांची कमतरता नाही तिथे ही गत. आपण फक्त चोराची मिनिटं वाढवू शकतो, आणि त्या मिनिटांत कुणीतरी पोचेल अशी व्यवस्था करू शकतो. जाळी पाच मिनिटं खाते, आतलं कुलूप तीन, भिंतीत बोल्टने बसवलेली पेटी आणखी दहा. पण पहिल्याच मिनिटाला भोंगा वाजला नाही तर ही मिनिटं फुकट. म्हणून कॅमेऱ्याआधी दार-खिडकीचे साधे सेन्सर आणि बॅटरीवर चालणारा भोंगा घ्या. कॅमेरे दोन किंवा तीन पुरेत: पुढचं दार, परसदार, संग्रहाची खोली. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, जाताना तोही उचलून नेतात. वीज गेली तरी चालेल असा बॅकअप हवा. आणि भोंगा वाजला की धावत येईल असं माणूस ठरवून ठेवा. पुण्याहून तुम्ही पाच तासांनी पोचणार. तुमच्या पेठेत तालमीची पोरं आहेत, त्यांच्याशी बोला. रात्री-अपरात्री हाकेला येणारी ती व्यवस्था विकत मिळत नाही.

लॉकरबद्दल नीट ऐका. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या माणसांची अफरातफर यामुळे लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. साजाची आजची किंमत मनात धरून बघा. आणि पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी बँकेवर नाही. शुक्रवार पेठेतल्या माणसाला 2019 आणि 2021 ची पंचगंगा वेगळी सांगायला नको. म्हणून लॉकर घेताना मॅनेजरना दोन प्रश्न विचारा: लॉकरची खोली तळघरात आहे का, आणि 2019 ला इथवर पाणी आलं होतं का. उंचावरच्या भागातली, वरच्या मजल्यावरची शाखा मिळाली तर थोडं लांब पडलं तरी तीच घ्या. पुराच्या वेळी घरं रिकामी करायला लागतात, तेव्हा संग्रह कुठे जाणार हेही आत्ताच ठरवा. नोंद केलेल्या पेट्या, क्रमांक टाकलेल्या, उचलून नेण्याजोग्या. पाणी दारात आल्यावर पोथ्या गोळा करायला वेळ नसतो.

विम्याचं थोडक्यात. 2021 पासून सगळ्या कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी मिळते. तिच्यात आग, पूर वगैरे येतं, पण चोरी येते ती अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांत झालेलीच. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि दागिने-चित्रांसारख्या वस्तूंचं मूल्य आधीच ठरवून लिहून घ्यावं लागतं. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला की पानावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

राहिलं आबांचं स्वप्न. तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण आई एकट्या राहतात त्या वाड्यात संग्रहालय उघडू नका. रोज अनोळखी माणसं आत घेणं, त्यांना वस्तू आणि दारं दाखवणं, आणि संध्याकाळी तिथेच एका वयस्कर बाईने झोपणं, हे मला मान्य होत नाही. संग्रहालय चालवणं म्हणजे रोजची शिस्त आहे. 2024 मध्ये भोपाळच्या राज्य संग्रहालयात एक जण रविवारी तिकीट काढून आत गेला आणि बंद व्हायच्या वेळी लपून राहिला. सोमवारी सुट्टी. मंगळवारी कर्मचाऱ्यांना तो लुटीसकट आवारात जखमी पडलेला सापडला. बंद करताना दोघांनी मिळून प्रत्येक खोली, संडास, जिन्याखालची जागा बघणं, काचपेटीतल्या वस्तू रोज यादीवरून मोजणं, किल्ल्यांची सही घेणं, हे तुमच्या पडवीत कोण करणार?

त्यापेक्षा टाऊन हॉलमधल्या आपल्या वस्तुसंग्रहालयात जाऊन भेटा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती जिथे आहे, तिथे आबांच्या शिवराई बसल्या तर आबांना कमीपणा नाही. कायमची देणगी द्यायची की ठरावीक मुदतीसाठी द्यायचं, हे विचारा. मुदतीसाठी दिलंत तर लेखी करार करा: वस्तूंची तुमच्या वहीप्रमाणे यादी, देतानाची अवस्था, परतीची तारीख, विमा कुणी उतरवायचा, पाटीवर आबांचं नाव. ते काही वस्तू घेणार नाहीत, तसं झालं तर त्या घरी नोंद करून ठेवा. आणि पोरांना दाखवायचं म्हणाल तर 19 ते 25 नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह असतो. त्यात एक दिवस आबांच्याच शाळेत मोठे फोटो, ठसे आणि चार-दोन साधी नाणी घेऊन जा. शिवराई हातात घेऊन बघणारं पोर काचेपलीकडच्या मूर्तीपेक्षा जास्त लक्षात ठेवतं, असा माझा अनुभव आहे.

देव न करो, पण चोरी झालीच तर काही आवरू नका, कशाला हात लावू नका. ठसे तिथेच असतात. फिर्याद देतानाच वहीची प्रत आणि फोटो जोडा. मुद्देमाल सापडला तरी तो कोर्टातून सोडवून घेताना ‘हे आमचंच’ हे दाखवायला तोच कागद लागतो.

आणि साजाचा निर्णय तुम्ही किंवा मामांनी घेऊ नका. तो आईंचा आहे. त्यांना बसवून विचारा, लॉकरला कुठले आणि रोजच्या अंगावर कुठले. ठुशी राहू दे म्हणाल्या तर राहू द्या. लॉकर दोघांच्या नावावर घ्या, पहिलं नाव त्यांचं, नामनिर्देशन (नॉमिनेशन) त्याच दिवशी भरा, आणि किल्ली त्यांच्याच हातात द्या.